रिझर्व्ह बँकेची स्वायत्तता : आंबडवे ते मिंट रोड

प्रतिनिधी, रत्नागिरी

रिझर्व्ह बँकेचे पतधोरण साधारणपणे दर दोन महिन्यांनी जाहीर होते. रेपो दर पाव टक्क्याने उतरला की मुंबई-पुण्यात गृहकर्जाच्या हप्त्याची गणिते सुरू होतात. रत्नागिरीत हीच बातमी वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या अर्थाने वाचली जाते. हंगामापूर्वी कर्ज काढून फवारणी करणाऱ्या आंबा बागायतदाराला आणि नौकेच्या इंजिनासाठी कर्ज घेतलेल्या मिरकरवाड्यातील मच्छीमाराला व्याज स्वस्त झालेले हवे असते. मुदत ठेवीच्या व्याजावर औषधपाणी भागविणाऱ्या निवृत्त शिक्षकाला मात्र दरकपात म्हणजे उत्पन्नात घट वाटते. या सर्वांच्या जीवनाला स्पर्श करणारा हा निर्णय घ्यायचा कोणी? मुंबईतील मिंट रोडवरून कारभार पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेने, की दिल्लीतील अर्थमंत्रालयाने?

मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेचा वाद तो हाच. भारतात तो रिझर्व्ह बँकेच्या जन्माआधीपासून सुरू आहे आणि त्याच्या इतिहासातील दोन ठळक नावांची मुळे कोकणातच आहेत. या वादाचा मागोवा येथे घेतला आहे.

स्वायत्तता म्हणजे नेमके काय?

नोटा काढणे, व्याजदराची दिशा ठरविणे, बँकांवर देखरेख ठेवणे, परकीय चलनाची गंगाजळी सांभाळणे आणि सरकारची बँक म्हणून काम करणे, अशी मध्यवर्ती बँकेची प्रमुख कामे असतात. यातील शेवटचे काम आणि पहिली तीन कामे यांच्यात उपजतच ताण आहे. सरकार हे या बँकेचे सर्वांत मोठे ग्राहक असते, सर्वांत मोठे कर्जदारही असते आणि आपल्याकडे १९४९ पासून ते तिचे मालकही आहे. कर्जदारच सावकाराचा मालक असेल, तर व्याजाचा दर आणि कर्जाची मर्यादा कोण ठरविणार, हा प्रश्न ओघानेच येतो.

सरकारला स्वस्त पैसा हवा असणे स्वाभाविक आहे. व्याजदर उतरले की सरकारच्या कर्जाचा बोजा हलका होतो, उद्योग खूश होतात, बाजारात उलाढाल वाढते. हे लाभ काही महिन्यांत दिसू लागतात. महागाईच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते, ती मात्र वर्षा-दोन वर्षांनी. तोवर बहुधा निवडणूक पार पडलेली असते. या दोन वेळांमधील अंतरामुळेच व्याजदराचा निर्णय मतांच्या गणितापासून दूर ठेवावा, हा विचार जगभर रुजला.

महागाईचा हिशेब साधा आहे. आज घरात असलेल्या एक लाख रुपयांची क्रयशक्ती, महागाई वर्षाला ४ टक्के राहिली तर दहा वर्षांनी सुमारे साडेसदुसष्ट हजार रुपये उरते. महागाई ८ टक्के असेल तर तीच रक्कम सुमारे सव्वाशेहेचाळीस हजारांवर येते. या घसरणीसाठी ना विधेयक लागते, ना अध्यादेश. कर आकारायचा तर संसदेची मंजुरी लागते. महागाईला ती लागत नाही. तिचा सर्वाधिक भार ज्यांच्याकडे जमीन किंवा सोने नसून केवळ रोख बचत आहे, त्यांच्यावर पडतो.

आंबडव्याच्या सुपुत्राचा इशारा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. घटनाकार म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. चलनाचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख त्या मानाने कमी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुढे डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्षही दिली.

त्या काळी रुपयाचे व्यवस्थापन थेट सरकारच्या हाती होते. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाने या सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन केले होते. बाबासाहेबांनी ते खोडून काढले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर अंकुश नसेल तर चलनाचे मूल्य स्थिर राहू शकत नाही. रुपयाची परदेशातील किंमत सांभाळण्यापेक्षा देशातील बाजारात त्याने काय विकत घेता येते, हे सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, यावर त्यांचा भर होता. चलनाचे व्यवस्थापन सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती असते तेव्हा चुकीच्या निर्णयाची झळ त्यांना स्वतःला सोसावी लागत नाही, म्हणून तेथे गैरव्यवस्थापनाचा धोका अधिक, असेही त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर उपाय म्हणून रुपयांच्या संख्येलाच कायमची मर्यादा घालावी, असे त्यांनी सुचविले.

हिल्टन यंग आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँक स्थापन करण्याची शिफारस केली आणि तिला ‘रिझर्व्ह बँक’ हे नाव सुचविले. बाबासाहेबांचा आग्रह बँकेपेक्षा चलनाच्या मर्यादेवर होता. त्यामुळे रिझर्व्ह बँकेचा आराखडा त्यांनीच आखला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु चलन हे सत्ताधाऱ्यांच्या लहरीपासून सुरक्षित हवे, हे तत्त्व भारतात इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या लवकर मांडणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे, याविषयी दुमत नसावे.

जन्मापासूनच खडाजंगी

रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेचे विधेयक १९२७ मध्ये प्रथम आले, ते बारगळले. बँक भागधारकांची असावी की सरकारची, आणि तिच्या संचालक मंडळावर कोणी बसावे, हे त्यातील कळीचे मुद्दे होते. अखेर १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी पाच कोटी रुपये भांडवलाची, खासगी भागधारकांची रिझर्व्ह बँक सुरू झाली.

पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ हे इम्पिरियल बँकेतून आलेले होते. व्याजदर आणि रुपयाचा विनिमय दर या दोन्ही बाबतींत व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांच्याशी त्यांचे पटले नाही. साडेतीन वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच, १९३७ च्या मध्यास त्यांनी पद सोडले. बँक तेव्हा कागदोपत्री खासगी होती. तरीही सरकारपुढे गव्हर्नरांना माघार घ्यावी लागली. मालकी कोणाची यापेक्षा शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न मोठा असतो, हे पहिल्या दोन वर्षांतच सिद्ध झाले.

चिंतामणराव देशमुख : दोन्ही बाजूंचा अनुभव

सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा, म्हणजे पूर्वीचा कुलाबा, लागतो. या जिल्ह्यात महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, केंब्रिजची पदवी आणि नंतर आयसीएस, अशी त्यांची दैदीप्यमान वाटचाल होती. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली.

तो काळ महायुद्धाचा होता. ब्रिटिश सरकारचा भारतातील युद्धखर्च भागविण्यासाठी रुपये येथे काढले जात आणि त्यांच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची येणी जमा होत. परिणामी चलनातील नोटा अनेक पटींनी वाढल्या आणि भाव कडाडले. परकीय सत्तेच्या निर्णयापुढे मध्यवर्ती बँकेचे हात किती बांधलेले असतात, याचा हा विदारक अनुभव होता. देशमुख यांनी १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात भाग घेतला. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले.

पुढे १९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि जो माणूस मिंट रोडवर बसत होता तोच दिल्लीच्या खुर्चीत आला. याच काळात, १९५५ मध्ये, सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक समझोता झाला. सरकारची बँकेतील शिल्लक ५० कोटी रुपयांच्या खाली गेली की रिझर्व्ह बँकेने तात्पुरत्या तिजोरी हुंड्यांच्या, म्हणजे ‘अॅड हॉक ट्रेझरी बिलां’च्या, बदल्यात ती आपोआप भरून द्यायची, असे ठरले. हिशेबाच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था पुढे चार दशके सरकारच्या तुटीला बिनबोभाट पैसा पुरविणारी वाट बनली. देशमुख यांच्या सचोटीविषयी आणि स्वाभिमानाविषयी शंका घेण्यास जागा नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निषेधार्थ, १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण अशा व्यक्तीच्या मंत्रिपदाच्या काळातही ही वाट खुली झाली, यावरून एक बोध घेता येतो. केवळ भल्या माणसांच्या भरवशावर स्वायत्तता टिकत नाही. तिला नियमांचे कुंपण लागते.

रामाराव यांचा राजीनामा

देशमुख यांच्यानंतर अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे आले. गव्हर्नरपदी तेव्हा सर बेनेगल रामाराव होते. १९५६ च्या अखेरीस सरकारने हुंड्यांवरील मुद्रांक शुल्कात मोठी वाढ केली. दिसायला ही करवाढ होती; प्रत्यक्षात तिच्यामुळे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा पैसा महाग होणार होता. म्हणजेच बँक दर वाढविण्याचे जे काम कायद्याने रिझर्व्ह बँकेचे, ते अर्थखात्याने तिला डावलून केले होते. रामाराव यांनी आणि संचालक मंडळाने आक्षेप घेतला. अर्थमंत्र्यांच्या लेखी मात्र रिझर्व्ह बँक ही अर्थखात्याचाच एक विभाग होती.

वाद पंतप्रधान नेहरूंपर्यंत गेला. नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली. बँकेने सरकारला सल्ला अवश्य द्यावा, परंतु सरकारच्या धोरणाशी तिने सुसंगतही राहिले पाहिजे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. साडेसात वर्षे गव्हर्नरपदी राहिलेल्या रामाराव यांनी जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर के. जी. अंबेगावकर यांनी सुमारे दीड महिना हंगामी कारभार पाहिला.

या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे, की यात लाचलुचपत नव्हती, कोणाचा वैयक्तिक स्वार्थ नव्हता. नियोजनबद्ध विकासाच्या ध्येयाने भारलेले लोकनियुक्त सरकार आणि आपल्या कायदेशीर कर्तव्याला जागणारा गव्हर्नर यांच्यातील हा संघर्ष होता. त्यात सरकार जिंकले आणि पुढील तीन-साडेतीन दशके हाच पायंडा पडला.

छापखान्याची किल्ली

‘अॅड हॉक’ हुंड्यांचा मार्ग बंद करण्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. १९९१ च्या आर्थिक संकटाने डोळे उघडले होते. डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि डॉ. सी. रंगराजन गव्हर्नर असताना सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. त्यानुसार तीन वर्षांत या हुंड्यांना मर्यादा घालून एप्रिल १९९७ पासून त्या पूर्णतः बंद करण्यात आल्या. त्यांच्या जागी तात्पुरत्या उचलीची, ठरावीक मर्यादेची आणि परतफेडीची सोय आली. वित्तीय जबाबदारीच्या २००३ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. एप्रिल २००६ पासून अपवादात्मक परिस्थिती वगळता रिझर्व्ह बँकेला सरकारचे कर्जरोखे थेट विकत घेण्यास मनाई झाली.

या बदलांना रामाराव यांच्या राजीनाम्यासारखे नाट्य लाभले नाही. परंतु रिझर्व्ह बँकेच्या स्वायत्ततेत सर्वाधिक भर कोणत्या घटनेने टाकली असे विचारले, तर १९९४ च्या कराराकडेच बोट दाखवावे लागेल.

कायदा काय सांगतो?

रिझर्व्ह बँक कायद्यात ‘स्वायत्तता’ असे स्वतंत्र कलम नाही. कलम ७ नुसार केंद्र सरकार, गव्हर्नरांशी विचारविनिमय करून, सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटतील ते आदेश बँकेला देऊ शकते. कलम ८ नुसार गव्हर्नरांची नेमणूक सरकार करते. मुदत पाच वर्षांपर्यंत असते. कलम ११ नुसार सरकार त्यांना पदावरून दूर करू शकते. कलम ३० नुसार संचालक मंडळही बरखास्त करता येते. म्हणजे कायद्याच्या अक्षरापुरते पाहिल्यास सरकारचे पारडे निःसंशय जड आहे.

२०१६ च्या दुरुस्तीने मात्र व्याजदराच्या बाबतीत महत्त्वाचा बदल झाला. रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून सरकार दर पाच वर्षांसाठी महागाईचे लक्ष्य ठरविते. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ते ४ टक्के, खाली-वर २ टक्के सवलतीसह, ठरले. ते गाठण्यासाठी व्याजदर किती असावा हे सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरविते. तीन सदस्य बँकेचे, तीन सरकारने नेमलेले. समसमान मते पडल्यास गव्हर्नरांचे मत निर्णायक. बाहेरच्या सदस्यांची मुदत चार वर्षे असते आणि त्यांची फेरनेमणूक होत नाही, त्यामुळे सरकारची मर्जी राखण्याचे कारण उरत नाही. ध्येय लोकनियुक्त सरकारने ठरवावे आणि मार्ग तज्ज्ञांनी निवडावा, अशी ही विभागणी आहे.

सलग तीन तिमाहींत महागाई मर्यादेबाहेर राहिली तर बँकेने सरकारला लेखी खुलासा द्यायचा असतो. २०२२ मध्ये ही वेळ आली. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी समितीची खास बैठक झाली आणि अहवाल सरकारकडे गेला. तो जनतेसाठी प्रसिद्ध झाला नाही. महागाईची झळ जनतेला, खुलासा मात्र फक्त सरकारला, ही या व्यवस्थेतील उणीव म्हणावी लागेल.

अलीकडचे वाद

ऑक्टोबर २०१२ मध्ये गव्हर्नर डी. सुब्बाराव यांनी व्याजदर उतरविण्यास नकार दिला, तेव्हा विकासाच्या वाटेवर सरकारला एकट्याने चालावे लागले तर एकटे चालू, असे उद्गार अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी काढले. निवृत्त होताना, ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईतील नानी पालखीवाला स्मृती व्याख्यानात सुब्बाराव यांनी त्याला मिस्कील उत्तर दिले. रिझर्व्ह बँकेमुळे आपण अनेकदा वैतागतो, इतके की एकटेच फिरायला जावेसे वाटते, पण देवाची कृपा की रिझर्व्ह बँक आहे, असे अर्थमंत्री एक दिवस म्हणतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. त्यांच्या आधीचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांची कोटी तर प्रसिद्धच आहे. रिझर्व्ह बँक पूर्ण स्वायत्त आहे आणि हे सांगण्याची अनुमती आपण अर्थमंत्र्यांकडून घेतली आहे, असे ते म्हणत.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने वाद न्यायालयात नेला. कायद्यानुसार अशा निर्णयासाठी बँकेच्या केंद्रीय मंडळाची शिफारस लागते. येथे प्रस्ताव सरकारकडून आला आणि शिफारस दुसऱ्याच दिवशी झाली. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय वैध ठरविला. बहुमताचे निकालपत्र अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र भिन्नमत निकालपत्रात बँकेने स्वतंत्रपणे विचार केल्याचे दिसत नाही, असा अभिप्राय नोंदविला.

२०१८ चा संघर्ष सर्वांत तीव्र ठरला. दुबळ्या सरकारी बँकांवरील निर्बंध, बुडीत कर्जांविषयीचे फेब्रुवारी २०१८ चे परिपत्रक, बिगरबँक वित्तसंस्थांची रोखटंचाई आणि बँकेच्या राखीव निधीतील किती वाटा सरकारला द्यावा, असे त्यात अनेक मुद्दे होते. आजवर न वापरलेल्या कलम ७ चा आधार घेऊन सरकारने विचारविनिमय सुरू केल्याचे वृत्त आले. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतील जाहीर व्याख्यानात मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता न राखणाऱ्या सरकारांना बाजार शिक्षा करतो, असा इशारा दिला. १० डिसेंबर रोजी गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला.

हा वाद दिल्ली-मुंबईपुरता होता असे कोकणातील वाचकाने समजू नये. निर्बंधांच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्याची अग्रणी बँक असलेली बँक ऑफ इंडिया होती आणि बँक ऑफ महाराष्ट्रही होती. या दोन्ही बँका ३१ जानेवारी २०१९ रोजी निर्बंधमुक्त झाल्या. निर्बंध असेपर्यंत त्यांच्या कर्जवाटपाला आणि विस्ताराला मर्यादा होत्या. उद्योजकांच्या दृष्टीने तो अडथळा होता. ठेवीदारांच्या दृष्टीने तेच संरक्षण होते.

राखीव निधीचा प्रश्न डॉ. बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविण्यात आला. तिच्या शिफारशींनुसार ऑगस्ट २०१९ मध्ये १ लाख ७६ हजार ५१ कोटी रुपये सरकारला देण्यात आले. त्यातील ५२ हजार ६३७ कोटी हे जास्तीच्या तरतुदींचे होते. २०२४-२५ या वर्षासाठी सरकारला मिळालेली रक्कम सुमारे २ लाख ६९ हजार कोटी रुपयांवर गेली. सूत्र ठरलेले असल्याने आता दरवर्षी घासाघीस होत नाही, हा याचा लाभ. मात्र अर्थसंकल्प या रकमेवर जितका अवलंबून राहील, तितका पुढच्या काळात दबावाचा धोका वाढेल.

सहकाराच्या अंगणात

महाराष्ट्रात राजकीय दबावाचा खरा अनुभव व्याजदरापेक्षा सहकारी बँकांच्या बाबतीत येतो. १९६६ पासून या बँकांवर रिझर्व्ह बँक आणि राज्याचे सहकार खाते असे दुहेरी नियंत्रण होते. बँकिंगचे नियम एकाचे, संचालक मंडळावर कारवाईचे अधिकार दुसऱ्याचे आणि संचालक बहुधा राजकीय नेते. त्यामुळे कारवाई लांबत जाई आणि झळ ठेवीदाराला बसे. मे २०११ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे, अनेक वजनदार नेत्यांचा समावेश असलेले संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून बरखास्त झाले आणि प्रशासक आले, तेव्हा राज्याच्या राजकारणात भूकंप झाला होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना ती दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. चाकरमान्याने मुंबईहून पाठविलेला पैसा गावाकडील सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवण्याची प्रथा असलेल्या कोकणात या बदलाचे मोल विशेष आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पतसंस्था या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवींना हे पाच लाखांचे विमा संरक्षण नाही.

परदेशातील दाखले

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने महागाईचे लक्ष्य आणि बँकेची स्वायत्तता यांची सांगड घातली. ब्रिटनमध्ये मे १९९७ मध्ये सत्तेवर येताच अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी व्याजदराचा अधिकार स्वतःहून बँक ऑफ इंग्लंडकडे सोपविला. उलट दाखला तुर्कस्तानचा. तेथे अध्यक्ष एर्दोगान यांनी २०१९ ते २०२१ या काळात तीन गव्हर्नर हटविले. महागाई चढत असतानाही २०२१ च्या अखेरीस व्याजदर १९ वरून १४ टक्क्यांवर आणले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील वार्षिक महागाई ८५ टक्क्यांपलीकडे गेली. अमेरिकेतही हा प्रश्न सुटलेला नाही. १९७२ च्या निवडणुकीपूर्वी अध्यक्ष निक्सन यांनी फेडरल रिझर्व्हचे आर्थर बर्न्स यांच्यावर आणलेला दबाव इतिहासात नोंदला गेला आहे. २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी व्याजदर कपातीसाठी जेरोम पॉवेल यांच्यावर उघड टीका केली आणि ऑगस्टमध्ये लिसा कुक या गव्हर्नरांना हटविण्याची घोषणा केली. प्रकरण न्यायालयात गेले.

दुसरी बाजूही तितकीच खरी

स्वायत्ततेचा आग्रह धरताना तिच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. गव्हर्नर निवडून येत नाहीत. व्याजदर वाढविल्याने कारखाना बंद पडला, बेकारी वाढली, तर त्याचा जाब मतदार सरकारलाच विचारतात. आंबा मोहोरावर करपा आला, मासळीचा दुष्काळ पडला किंवा वादळ झाले, तर कर्जवसुलीला मुदतवाढ देण्याचा विचार आकडेवारीपलीकडे जाऊन करावा लागतो आणि तेथे लोकप्रतिनिधींचा आवाज हवाच. बँकेचेही निर्णय चुकतात. म्हणून स्वायत्ततेबरोबर उत्तरदायित्व हवे: निर्णयाची कारणे लेखी, मतदान उघड आणि चुकीचा खुलासा जनतेसमोर. पतधोरण समितीच्या सदस्यांची मते नावानिशी प्रसिद्ध होतात, ही या दिशेने झालेली स्वागतार्ह सुरुवात आहे.

महत्त्वाचे टप्पे

१९२३ : डॉ. आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध
१९३५ : रिझर्व्ह बँकेची स्थापना
१९४३ : चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर
१९४९ : बँकेचे राष्ट्रीयीकरण
१९५५ : ‘अॅड हॉक’ हुंड्यांचा समझोता
१९५७ : सर बेनेगल रामाराव यांचा राजीनामा
१९९७ : ‘अॅड हॉक’ हुंड्या बंद
२०१६ : महागाईचे लक्ष्य व पतधोरण समिती कायद्यात
२०१८ : ऊर्जित पटेल यांचा राजीनामा
२०२० : सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे वाढीव अधिकार

नव्वद वर्षांच्या या इतिहासात गव्हर्नर आणि अर्थमंत्री यांच्यात मतभेद झाले नाहीत असा काळ क्वचितच सापडतो. मतभेद असणे हे दोन्ही संस्था आपापले काम करीत असल्याचे लक्षण आहे. चिंता करावी ती मतभेद संपले, की एकाला दुसऱ्याने गप्प केले, हे कळेनासे झाल्यावर. रुपयाच्या मूल्याची जपणूक ही अर्थतज्ज्ञांच्या चर्चेपुरती बाब नाही. चलन काढणाऱ्याच्या हातावर अंकुश हवा, हे आंबडव्याच्या सुपुत्राने शंभर वर्षांपूर्वी मांडलेले सूत्र, घाम गाळून चार पैसे मागे टाकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या बाजूचे आहे. व्याजदराची पुढची बातमी वाचताना दर किती बदलला याबरोबरच तो कोणी, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हेही वाचकांनी पाहावे.